परदेशी टीम आणि 'थेट बोला'चा मंत्र: मला अजिबात पटलेला नाही

टिपणकार

परदेशातल्या नोकरीवरचं एक टिपण गेल्या आठवड्यात बरंच फिरलं. त्याचं सार असं: आपली माणसं आंतरराष्ट्रीय टीममध्ये मागे पडतात, कारण ती नाही म्हणायला कचरतात. बैठकीत तोंड उघडा, पटलं नाही तर तिथल्या तिथे सांगा, साहेबाला नावाने हाक मारा, बाकी आपोआप जमेल. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माझा याला ठाम विरोध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'परदेश' नावाचा एकच देश नाही. डच टीममध्ये नवख्या माणसाने मॅनेजरला भर बैठकीत "हा आराखडा चालणार नाही" असं सांगितलं तर सहसा कुणी मनाला लावून घेत नाही. जपानी टीममध्ये तेच वाक्य वाया जातं. तिथे बैठक बहुधा ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी असते. खरी चर्चा आधी एकेकट्याशी होते, तिला नेमावाशी म्हणतात. मग करायचं काय? एका पानाचा मसुदा बैठकीच्या निदान चार-पाच कामाचे दिवस आधी तयार ठेवायचा. ज्याच्या कामावर परिणाम होणार त्याला आधी दाखवायचा, मग त्याच्या विभागप्रमुखाला, मग त्याच्या वरच्याला. क्रम उलटा केला की मधल्या माणसाला डावलल्यासारखं होतं आणि मसुदा त्याच्याच टेबलावर अडकतो. प्रत्येकाची शंका लिहून घ्यायची, मसुद्यात तिचं उत्तर घालायचं आणि बदललेली प्रत आधीच्या माणसांना परत दाखवायची. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. शिवाय जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष बहुधा १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्याही बऱ्याचदा त्याच सुमारास होतात. मार्चअखेर ज्याची संमती मिळवली, तो एप्रिलमध्ये त्या खुर्चीत नसूही शकतो.

दुसरा मुद्दा, झालेला निर्णय किती पक्का समजायचा. स्वीडिश टीम सगळ्यांचं मत घेत घेत हळू ठरवते, पण ठरलं की लगेच कामाला लागते. जर्मन टीमला ठरलेली गोष्ट पुन्हा उकरून काढलेली खपत नाही. अमेरिकी टीम झटपट ठरवते आणि नवी माहिती आली की तितक्याच सहज बदलते. बर्लिन आणि शिकागो एका प्रकल्पावर असले की बर्लिनला समोरचे बेभरवशाचे वाटतात, शिकागोला हे हटवादी. दोघेही थेटच बोलत असतात, तरी बिनसतं. उपाय कागदावर आहे: बैठकीच्या टिपणात प्रत्येक निर्णयापुढे 'कच्चा' की 'पक्का' लिहा, आणि पक्का असेल तर तो बदलण्याचा अधिकार कुणाला, तेही लिहा.

उत्तरध्रुव

असहमत. जपानचं उदाहरण घेऊन तुम्ही मूळ दुखणं झाकताय. परदेशी टीममध्ये विश्वास उडतो तो उशिरा कळलेल्या वाईट बातमीने. शुक्रवारी द्यायचं काम अडकलंय हे मंगळवारी माहीत असतं, आणि सांगितलं जातं गुरुवारी रात्री. तोवर पुढच्या टीमने चाचणीसाठी माणसं राखून ठेवलेली असतात. त्यांचं वेळापत्रक कोसळतं, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक तारखेवर ते गुपचूप आठवडाभराची भर घालून चालतात. हे नुकसान भरून यायला फार काळ लागतो.

"९० टक्के झालंय" हे वाक्य तर बंदच करायला हवं. त्यातून ऐकणाऱ्याला काहीच करता येत नाही. तीन ओळी लिहा: काय अडलंय आणि कुणाकडून; किती दिवस लागतील, तेही 'बुधवार ते शुक्रवार' अशा पट्ट्यात; आणि ठरल्या तारखेला यातलं काय नक्की देता येईल. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तीवर समोरचा आपलं नियोजन बदलू शकतो. हे ओसाकात चालतं, ओस्लोतही चालतं. फक्त ओसाकात बैठकीत न सांगता आधी संबंधित माणसाला सांगा, एवढाच फरक.

राधाक्का

दोघेही एका गोष्टीकडे डोळेझाक करताय. तोंड उघडण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे कुशल परदेशी कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज दाखल करायचा, नाहीतर दुसरा व्हिसा-दर्जा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. त्यात बहुतेक राज्यांत मालक कारण न देता नोकरीवरून काढू शकतो. शेजारच्या खुर्चीतला नागरिक बिनधास्त बोलतो ते त्याची संस्कृती मोकळी म्हणून की त्याचं घर त्या पगारावर तसं लटकलेलं नाही म्हणून? याला 'सांस्कृतिक फरक' म्हणणं मला सहन होत नाही. ज्याला कागदपत्रांची भीती आहे त्याला भित्रा म्हणू नका.

उत्तरध्रुव

राधाक्का, भित्रा कुणालाच म्हटलेलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. आणि व्हिसाचं नाव काढून सगळ्यांनाच गप्प बसवू नका. देशागणिक हिशोब वेगळा आहे. जर्मनीत नोकरीचा चाचणीकाळ (प्रोबेशन) जास्तीत जास्त ६ महिन्यांचा, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. नोकरीचे सहा महिने उलटले आणि आस्थापनेत १० पेक्षा जास्त माणसं असली, की बडतर्फीविरुद्धचं कायदेशीर संरक्षण लागू होतं. काढल्याचं पत्र कागदावर आणि हाताने सही केलेलंच लागतं, ईमेल चालत नाही. ते हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. ही मुदत चुकली की बाजू कितीही खरी असली तरी सहसा काही हाती लागत नाही. हे माहीत असलेला माणूस सातव्या महिन्यात निर्धास्त बोलू शकतो. भीती कुठे खरी आणि कुठे ऐकीव, हे तपासायला नको?

राधाक्का

जर्मनीपुरतं मान्य. अमेरिकेबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, ते मी नोंदवून ठेवते.

घड्याळजी

बोलण्याच्या पद्धतीवरून इतकी चर्चा, पण रोजची चिडचिड कशावरून होते? बैठकीच्या वेळेवरून. बर्लिन, न्यूयॉर्क आणि टोक्यो अशी टीम घ्या. हिवाळ्यात बर्लिनला दुपारचे २ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे ८ आणि टोक्योला रात्रीचे १०. तिघांनाही बरी पडेल अशी वेळ मुळात नाहीच.

वर घड्याळं बदलतात: बरेच देश उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात आणि हिवाळ्यात मागे घेतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे बर्लिन–न्यूयॉर्क अंतर सहाऐवजी पाच तासांचं असतं. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या, तेव्हा पुन्हा आठवडाभर तोच घोळ. जपान घड्याळ बदलतच नाही. सिडनी उलट्या दिशेने बदलतं, त्यामुळे बर्लिन–सिडनी अंतर वर्षात ८, ९ आणि १० तास असं तिन्ही होतं. त्या आठवड्यांत कुणीतरी रिकाम्या कॉलवर एकटा बसतो, आणि दुसऱ्यांना तो बेशिस्त वाटतो किंवा त्याला दुसरे.

निमूट

घड्याळजी, याचं उत्तर जुनं आहे. सगळ्या बैठका यूटीसीमध्ये, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, लावा, विषय संपला.

घड्याळजी

अजिबात संपत नाही, उलट सुरू होतो. यूटीसीत लावलेली बैठक घड्याळ बदलणाऱ्या प्रत्येकासाठी वर्षातून दोनदा तासभर सरकते. ज्याला ठरलेल्या वेळी पाळणाघरातून मूल आणायचंय, त्याच्यासाठी सरकणारी बैठक म्हणजे रोजची ओढाताण. यूटीसी सर्व्हरच्या नोंदींना ठेवा, माणसांना नको.

बरोबर रीत अशी. ज्या गावची वेळ सगळ्यात अडचणीची, तिथल्या घड्याळाला बैठकांची मालिका बांधा. टोक्योचा माणूस रात्री १० ला बसत असेल तर मालिका टोक्योच्या वेळेवर हवी, म्हणजे घड्याळं बदलल्यावर १० चे ११ होणार नाहीत. कॅलेंडरमध्ये शहर निवडा, तीन अक्षरी संक्षेप लिहू नका. 'सीएसटी' मध्य अमेरिकेचीही वेळ आहे आणि चीनचीही. आणि मालिका बनवणाऱ्याने दुसऱ्या देशात बदली घेतली, तर जुनी बंद करून नवी बनवा. मालिका जुन्याच वेळक्षेत्राला चिकटून राहते आणि मार्चमध्ये उसळते.

वेधशाळा

टोक्योच्या माणसाला रात्री १० ला बसवायचं, हे इतक्या सहज कसं लिहिता? युरोपात हे कायद्यात बसतं का, तेही बघा. २००३ च्या युरोपीय निर्देशानुसार दोन कामाच्या दिवसांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती लागते. जर्मनीतल्या माणसाचा अमेरिकेबरोबरचा कॉल रात्री साडेदहाला संपला, तर दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधी काम सुरू करता येत नाही. म्हणजे आठची बैठक त्याच्यासाठी नाहीच. जर्मनीत दिवसाचं काम ८ तास, पुढे सरासरी भरून काढणार असाल तर १० पर्यंत, त्यापुढे नाही. वरिष्ठ व्यवस्थापकांसारखे काही अपवाद सोडले तर साध्या इंजिनियरला हे सगळं लागू आहे.

तिथे कंपनीत कर्मचारी परिषद, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, असेल तर रोजच्या कामाची सुरुवात आणि शेवट तिच्याशी ठरवावी लागते. रात्री ९ चा नियमित कॉल मॅनेजरने नुसता कॅलेंडरात टाकून चालत नाही. आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: अमेरिकेतलं मुख्यालय प्रत्येकाचं काम मोजणारा डॅशबोर्ड सगळ्या देशांत एकदम सुरू करतं. जर्मनीत माणसाच्या कामावर किंवा वागण्यावर नजर ठेवता येईल अशा कुठल्याही यंत्रणेला परिषदेची संमती लागते. 'आम्ही ती माहिती बघणार नाही' म्हणून भागत नाही, बघता येणं पुरेसं ठरतं. मग दोन महिने प्रकल्प थांबतो आणि अमेरिकेत बोंब होते की जर्मन लोक सहकार्य करत नाहीत. संमतीची बोलणी वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

निमूट

छान. म्हणजे युरोपातल्यांचे ११ तास पवित्र, आणि रात्रीचा कॉल कुणी घ्यायचा? आशियातल्यांनी. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामानंतर संपर्क न ठेवण्याचा हक्क कायद्यात आहे, पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांनाच मनाई केली की विश्रांतीच्या वेळेत संपर्क करू नका. यांच्या बाजूने कायदा आहे म्हणून दरवेळी समोरच्याने झोप मोडायची, याला मी सहकार्य म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

वेधशाळा

तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय. कायदा मी केलेला नाही, आणि तुमच्याकडे तसा नसेल तर तो मागा. माझा मोडून तुमचा बनत नाही.

निमूट

मागा म्हणणं सोपं आहे. कायदा होईपर्यंत रात्रीचे कॉल कोण घेणार, याचं उत्तर तुम्ही टाळलंत.

घड्याळजी

भांडू नका, फिरती पाळी हा रास्त तोडगा आहे. एका महिन्यात टोक्यो रात्री बसेल, पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क पहाटे, मग बर्लिन उशिरा. बर्लिनने त्या महिन्यात सकाळ उशिरा सुरू करायची, म्हणजे ११ तासही पाळले जातात. पाळीचा तक्ता तीन महिन्यांचा आधी लावा. आणि तिघांची एकत्र बैठक आठवड्यातून एकदाच ठेवा, बाकी सगळं लेखी. दर बैठकीला तिघं लागत असतील तर कामाची विभागणीच चुकलेली आहे, तिथे घड्याळ काही करू शकत नाही.

निमूट

हे न्याय्य आहे, एवढं मान्य. पण पाळीत मुख्यालयसुद्धा आलं पाहिजे. सहसा त्याचंच नाव तक्त्यात नसतं.

टिपणकार

धागा वेळेवरच चालला आहे, तरी मूळ मुद्द्यावर परत येतो. उत्तरध्रुव, तीन ओळींची रीत चांगली आहे, ती मी मान्य करतो. पण ती 'थेट बोला'ला पुष्टी देत नाही. तुमच्याच शब्दांत, ओसाकात ती कुणाला आणि कधी सांगायची हे बदलतं. मी नेमकं तेच म्हणत होतो.

उत्तरध्रुव

तुम्ही म्हणत होता की थेट बोलून उपयोग नाही. मी म्हणतो की मजकूर थेटच हवा, जागा आणि वेळ बदला. फरक आहे, आणि तो मी सोडणार नाही.

अनघा_के

'जागा बदला' वरून एक. मिश्र टीममध्ये चार जण एका देशाचे असले की जेवणाच्या टेबलावर आपल्या भाषेत निम्मं काम ठरवून येतात. जर्मन हे करतात, फ्रेंच करतात, आणि आपणही करतो. उरलेल्यांना निर्णय कळतो, कारणं कळत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात ते त्याच शंका काढतात. भाषेवर बंदी घालून हे थांबत नाही, लोक फक्त आणखी लांब जाऊन बोलतात. नियम एकच ठेवा: टीमच्या सामाईक नोंदवहीत, टीमच्या भाषेत, कारणासह लिहिलेलं नसेल तर तो निर्णय झालेला नाही. लिहिल्यावर आक्षेपासाठी एक पूर्ण कामाचा दिवस मोकळा ठेवा, आणि तो दिवस सगळ्यात दूरच्या गावच्या घड्याळाने मोजा. गुरुवारी संध्याकाळी लिहिलेल्याची मुदत शुक्रवारी संपवू नका. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तिथल्यांना रविवारी कळणार.

टिपणकार

अनघाताई, स्वीडनमध्ये एक दिवस पुरणार नाही. तिथे जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे रजेचा हक्क कायद्याने आहे आणि जुलैत बरीच कार्यालयं रिकामी असतात. जूनच्या मध्यापर्यंत प्रत्येकाकडून बदली माणसाचं नाव लेखी घ्यावं, आणि आक्षेपाचा हक्क त्या काळात त्याला द्यावा.

अनघा_के

नाव घेऊन भागत नाही. त्या बदली माणसाला नोंदवहीत लिहिण्याची परवानगी आहे का, तेही जूनमध्येच तपासा. जुलैत ती देणारा माणूसही रजेवर असतो.