मदत हवी आहे: बर्फातला कोल्हा, वाळूतला कोल्हा

नमस्कार मंडळी, मुलीच्या प्रकल्पासाठी ध्रुवीय प्रदेश आणि वाळवंट यांची तुलना करतोय. आर्क्टिक कोल्ह्याचे कान आखूड, गोलसर, त्यामुळे अंगातली ऊब टिकते. सहारातल्या फेनेक कोल्ह्याचे चांगले 15 सेंटिमीटरपर्यंत लांब, त्यांतून उष्णता बाहेर पडते. इथवर ठीक. पण तळपायांना दाट केस मात्र दोघांच्याही! एकाला बर्फ बाधू नये म्हणून, दुसऱ्याला तापलेली वाळू. हे वाचून मुलगी हरखूनच गेली. चरबी सीलच्या अंगभर पसरलेली, उंटाची मदारीत एका जागी साठलेली. अंटार्क्टिकाही कमी पावसामुळे वाळवंटच, हे तिला पटवायला बराच वेळ लागला.

अशी एकच युक्ती दोन्हीकडे वापरणारे आणखी कोणते प्राणी आहेत? पक्षी किंवा कीटक सुचवलेत तर फारच छान. सोमवारपर्यंत हवंय.