ढाका, फातोर्डा आणि खालिद जमीलचा दोष

रंकाळा_सात

मंगळवारी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, ढाक्यात बांगलादेशने फुटबॉलमध्ये आपल्याला १-० हरवलं. अकराव्या मिनिटाला मोरसालिनचा गोल झाला. बरोबरी साधायला पुढे जवळजवळ ऐंशी मिनिटं होती, तरी आपल्याला जमलं नाही. बांगलादेशकडून आपण याआधी हरलो होतो ते २००३ साली. २०२७ च्या आशिया कपची दारं तर महिनाभर आधीच, १४ ऑक्टोबरला गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरने बंद केली होती.

तेव्हापासून राष्ट्रीय कोच खालिद जमीलबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकतोय, "खालिदचा काय दोष, सिस्टीमच सडलीये." हे मला पटत नाही.

खालिद जमीलबद्दल मला आदर आहे. मुंबई एफसीसारखा तुटपुंज्या पैशांचा संघ त्याने वर्षानुवर्षं तगवला. २०१६-१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि ऐझॉल आदल्या मोसमात खालच्या लीगमध्ये गेलेला संघ होता. तेव्हा त्या विजयाचं श्रेय आपण कुणाला दिलं? सिस्टीमला? सगळं श्रेय खालिदला दिलं, आणि ते योग्यच होतं. मग हरल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, हा कुठला न्याय?

फातोर्ड्यात चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून काय गोल मारला! घरचं मैदान, १-० ची आघाडी, आणि जिंकलो तरच आशा. त्यानंतर संघ मागे मागे सरकत गेला. हाफटाइमच्या तोंडावर सोंग उई-यंगचा पहिला गोल, ५८ व्या मिनिटाला त्याचाच दुसरा. आघाडी घेतल्यावर मागे बसायचं की दुसऱ्या गोलसाठी जायचं, हे फेडरेशन ठरवत नाही. हे बेंचवरून ठरतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ हरला तर रात्री कट्ट्यावर पहिला प्रश्न एकच असतो, बदली खेळाडू इतक्या उशिरा का उतरवला? राष्ट्रीय संघाच्या कोचला हा प्रश्न विचारला की तो अडाण्यांचा प्रश्न कसा होतो?

मडगावकर

त्या रात्री मी फातोर्ड्याला स्टँडमध्ये होतो, म्हणून लिहितो.

संघ मागे सरकला हे खरं. पण का सरकला तेही सांगा. पाच दिवस आधी सिंगापूरमध्ये झिंगनला रेड कार्ड मिळालं होतं, त्यामुळे इथे तो नव्हता. बचावाला ओरडून जागेवर ठेवणारा तोच एक. तिथे दहा जणांनी खेळून रहीम अलीच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलवर १-१ केलं, तेव्हा हाच कोच सगळ्यांना जिगरबाज वाटला होता.

आणि ऑक्टोबरमध्ये या पोरांच्या पायात सामने किती होते? एरवी आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, सप्टेंबरात सुरू होते. यंदा हक्कांच्या कराराचा घोळ झाला आणि जुलैमध्येच लीग थांबवून ठेवली. काही क्लबांनी सराव बंद केला होता. ६० व्या मिनिटानंतर आपले खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते, ते मी वरून बघत होतो. ज्याच्या फुफ्फुसात दम नाही त्याला कोच पुढे कसा ढकलणार?

गोव्यातल्या माणसाला याचं जास्त दुखतं. २०१६ मध्ये साळगांवकर आणि स्पोर्टिंगने आय-लीग सोडली, धेंपोनेही सोडली. ज्या क्लबांच्या मॅचला माझे वडील मला खांद्यावर बसवून नेत, ते वरच्या लीगमधून गेले. राष्ट्रीय संघाला पोरं कुठून यायची होती? तिथूनच ना?

रंकाळा_सात

मडगावकर, दमाचा मुद्दा मान्य. पण पहिला गोल ४४ व्या मिनिटाला खाल्लाय. तेव्हा कुणी दमलेलं नव्हतं.

हाफटाइम_पुणे

मी आकडे मांडतो, मग भांडा.

२०२४ हे पूर्ण वर्ष भारताने एकही सामना न जिंकता काढलं. ११ सामने, ५ बरोबरी, ६ हार. त्यातले आधीचे सामने कोच श्टिमाचचे, नंतरचे कोच मानोलो मार्केझचे. जानेवारीत कतारला आशिया कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांकडून हार, आणि आपला गोल एकही नाही. मार्चमध्ये वर्ल्डकप पात्रतेत गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२, तेही सुनील छेत्रीच्या १५० व्या सामन्यात. जूनमध्ये श्टिमाच गेला. मानोलोच्या आठ सामन्यांत एकच विजय, मालदीवविरुद्ध. तोही गेला. आता खालिद.

क्रोएशियाचा माणूस झाला, स्पेनचा झाला, आता आपला मुंबईचा. श्टिमाच भांडकुदळ, मानोलो थंड, खालिद मितभाषी. तिघांच्या फुटबॉलच्या कल्पना वेगळ्या, निकाल मात्र तोच. तीन डॉक्टर बदलून ताप उतरत नसेल तर चौथा डॉक्टर शोधायचा की विहिरीचं पाणी तपासायचं?

आणि एक विसरू नका. आशिया कप पात्रतेच्या गटात आपण चार सामन्यांत २ गुण मिळवून बाहेर पडलो. त्यातले दोन सामने खालिद यायच्या आधीच झाले होते. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगला इंजुरी टाइममधल्या पेनल्टीवर ०-१. त्याच्या हातात संघ आला तेव्हाच निम्मी वाट लागलेली होती.

बोरिवली_चौदाखाली

मुंबईत १४ वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. हा विषय माझ्या रोजच्या जगण्याचा आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आपल्याला गोल करणारा माणूस नाही. सगळं दुखणं तिथे येऊन थांबतं. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्यात निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, तेव्हा तो चाळिशीचा होता. परत आला आणि मालदीवविरुद्ध गोलही केला. दीड अब्ज माणसांच्या देशाला त्याच्या जागी दुसरा माणूस मिळू नये, याचा दोष ऑगस्टमध्ये नेमलेल्या कोचवर कसा टाकता?

माझ्याकडे येणारा प्रत्येक पोरगा आधी सांगतो, सर, मला पुढे खेळायचंय. सोळाव्या-सतराव्या वर्षी तोच पोरगा विंगला किंवा साइड-बॅकला गेलेला असतो. कारण मोठ्या क्लबांत नऊ नंबरची, म्हणजे स्ट्रायकरची, जागा परदेशी खेळाडूची असते, हे त्याला आणि त्याच्या कोचला दोघांनाही ठाऊक असतं. क्लबचंही चूक म्हणवत नाही. त्याला शनिवारी जिंकायचं असतं, आणि गोल करणारा तयार मिळत असेल तर एकोणीस वर्षांच्या पोराच्या दहा चुका सहन करायला सवड कुणाला आहे?

गोलसमोर डोकं शांत ठेवणं शिबिरात शिकवता येत नाही. त्यासाठी शंभर वेळा चुकावं लागतं, आणि चुकूनही पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच उभं राहायला मिळावं लागतं. हाँगकाँगमध्ये आशिक कुरुनियनसमोर जवळजवळ मोकळा गोल होता आणि तो चुकला. मी त्याला शिव्या देऊ शकलो नाही. तो स्ट्रायकर म्हणून वाढलेलाच नाही.

गेल्या मोसमात माझा संघ ओळीने सहा सामने हरला. पालकांची बैठक झाली आणि मला काढायचं ठरलं. त्या सहापैकी चार सामन्यांत आमचे मुख्य बचावपटू सहामाही परीक्षेला बसले होते. बैठकीत त्यावर कुणी बोललं नाही.

तालीम_सपोर्टर

सर, तुमच्यावर अन्याय झाला हे दिसतंय आणि वाईट वाटतं. पण तुमच्या अनुभवावरून राष्ट्रीय कोच निर्दोष ठरत नाही.

कोचमुळे फरक पडतो हे आपल्याच इतिहासात आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली आपण १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलो. त्या काळी कुठली अकादमी होती, कुठली मोठी लीग? २०१९ च्या आशिया कपला कोच कॉन्स्टंटाइनच्या संघाने थायलंडला ४-१ हरवलं. बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल खाल्ला, बाहेर पडलो, आणि त्याच रात्री त्याने राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. जबाबदारी घेणं म्हणजे मी याला म्हणतो.

सिस्टीम म्हटलं की दोष कुणाच्याच दारात जात नाही. सिस्टीमला नाव नसतं, ती पत्रकार परिषदेला येत नाही.

स्टॉपर_डोंबिवली

सिस्टीमला नाव असतं. ते आपण घेत नाही एवढंच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये श्टिमाचचा करार २०२६ पर्यंत वाढवला कुणी? आठ महिन्यांत त्याला काढून ४ लाख डॉलरची भरपाई दिली कुणी? पुढचा राष्ट्रीय कोच असा नेमला की जो एफसी गोवाही सांभाळतोय. मानोलोने त्याच मोसमात एफसी गोवाला सुपर कप जिंकून दिला. म्हणजे कोच चांगलाच होता, पण देशाच्या वाट्याला अर्धाच आला. हे निर्णय एका खोलीत बसून माणसांनी घेतलेत. ती माणसं हरलेल्या सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर कधी येत नाहीत, तिथे कोच येतो.

दोहाचा सामना आठवा. जून २०२४, वर्ल्डकप पात्रता, छांगतेच्या गोलवर आपण कतारविरुद्ध पुढे. ७३ व्या मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेलेला, सगळ्यांनी पाहिला, तरी गोल दिला. पुढे १-२ हरलो आणि आठवड्याच्या आत श्टिमाच घरी. त्या शिट्टीचा दोषसुद्धा कोचच्याच खात्यात गेला.

रंकाळा_सात

स्टॉपर, तुम्ही फक्त दोहा सांगताय. दोहाच्या आधी गुवाहाटी झाली होती. घरच्या मैदानावर अफगाणिस्तानला हरवलं असतं तर दोहाला त्या शिट्टीवर सगळं लटकलंच नसतं. संघाला पुढच्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन, हे श्टिमाच स्वतःच बोलला होता.

कॉर्नर_किक_ताई

इतका वेळ वाचतेय, महिला संघाचं नाव एकदाही आलं नाही.

५ जुलैला चिआंग माईला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून २०२६ च्या आशिया कपची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून आपण पहिल्यांदाच तिथे पोचलो. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कोच क्रिस्पिन छेत्री, आपलाच. फेडरेशन तेच, ज्याला तुम्ही सगळे नावं ठेवताय. पैसा, मैदानं, टीव्ही यातलं काहीही पुरुषांपेक्षा जास्त नाही, उलट कितीतरी कमी. क्लबकडून मिळणाऱ्या पैशांवर यातल्या बहुतेक मुलींचं घर चालणार नाही.

मग "या सिस्टीममध्ये कुणीही जिंकू शकत नाही" हे वाक्य कसं टिकतं?

हाफटाइम_पुणे

ताई, मुद्दा बिनतोड आहे, मी त्यावर बराच विचार केला. एक फरक मात्र दिसतो. त्या संघाला बंगळुरूत लांब, सलग शिबिर मिळालं. खालिदची सुरुवात बघा. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानात मध्य आशियाची सीएएफए स्पर्धा, आणि मोहन बागान क्लबने खेळाडू सोडलेच नाहीत. तरीही यजमानांना २-१ हरवून, ओमानला पेनल्टीवर मागे टाकून तिसरे आलो. म्हणजे थोडा वेळ हातात आला तेव्हा त्याने करून दाखवलं.

कॉर्नर_किक_ताई

मग तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. शिबिर मिळालं तर कोचमुळे फरक पडतो. फरक पडत असेल तर चुकलं तेव्हा विचारायचंही. दोन्हीकडून निसटता येणार नाही.

मडगावकर

विचारा, जरूर विचारा. पण विचारणं आणि हाकलणं यात फरक करा. खालिदच्या आधी राष्ट्रीय संघाचा शेवटचा भारतीय कोच होता आमच्या गोव्याचा साव्हियो मदेरा, २०११-१२ मध्ये. त्यालाही काही महिन्यांतच जावं लागलं. पुढची तेरा वर्षं एकाही भारतीयाला ही खुर्ची मिळाली नाही. आता खालिदला साडेतीन महिन्यांत घालवलं तर लोक म्हणतील, बघा, आपल्यातल्याला झेपतच नाही. मग पुढचा भारतीय कोच किती वर्षांनी बघायचा?

बोरिवली_चौदाखाली

हे मडगावकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. कोचिंगचं लायसन्स काढणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या खुर्चीत खालिद बसलेला बघून काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

रंकाळा_सात

काढा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा. सर, तुमचं स्ट्रायकरबद्दलचं मी दोनदा वाचलं. आमचा अनिकेत जाधव कोल्हापूरच्या मैदानातून २०१७ च्या सतराखालच्या वर्ल्डकपला गेला तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. तोही तेव्हा पुढेच खेळायचा. नंतर क्लबांत विंगला खेळताना दिसला. हे मी आजवर या नजरेने पाहिलं नव्हतं. तुमचा हा मुद्दा मी घेतला.

ताईंचा मुद्दाही घेतला, आणि तो माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं.

मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगशी गटातला शेवटचा सामना आहे. पात्रतेचा प्रश्न संपलाय, हरायची भीती उरलेली नाही. फिफा रँकिंग २०२३ च्या जुलैत ९९ होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२. तो सामना खालिदनेच खेळवावा. माझी अपेक्षा एकच, त्या दिवशी पुढे तेवीस वर्षांच्या आतला भारतीय स्ट्रायकर उभा असावा आणि ६० व्या मिनिटाला बाहेर न काढता पूर्ण नव्वद मिनिटं खेळवावा. हा निर्णय मात्र पूर्णपणे कोचच्या हातातला आहे.

बोरिवली_चौदाखाली

त्याने तीन सोपे गोल चुकवले आणि आपण ०-१ हरलो, तर तुम्ही काय लिहाल?

रंकाळा_सात

तर हरल्याचा दोष कोचला देणार नाही. हे आजच लिहून ठेवतो.