मदत हवी आहे: स्वयंपाकघराची मापं गवंडी आणि वायरमनला लिहून कशी द्यायची? (सोलापूर)

जुळे_सोलापूर: विटकाम झालंय, पुढच्या आठवड्यात वायरमन झिऱ्या (वायरसाठी भिंतीत खाचा) मारायला येणार. स्वयंपाकघर आतून १० बाय ८ फूट, ओटा एल आकाराचा. सिंक खिडकीखाली ८ फुटी भिंतीला, गॅस १० फुटी भिंतीला. फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, आरओ, चिमणी आहे, पुढेमागे डिशवॉशर. भाकरी रोजची, त्यामुळे ओटा उंच नको असं आईचं म्हणणं. बिल्डर म्हणतो तोंडी सांगा, होऊन जाईल. मला कागद द्यायचाय. त्यात काय काय लिहू?

ओळंबा: तोंडी अजिबात नको. आणि कागदावर पहिली ओळ ही: "सर्व उंची तयार फरशीपासून, मिलिमीटरमध्ये." वायरमन येतो तेव्हा खाली कच्चा स्लॅब असतो. त्यावर माल आणि फरशी मिळून साधारण ६० मिमी चढतात. त्याने स्लॅबपासून १०५० मोजून बॉक्स बसवला, तर फरशी झाल्यावर तो ९९० वर येतो.

उपाय सोपा आहे. फरशीची लेव्हल गवंड्याकडून आधी पक्की करून घ्या आणि तिच्यापासून बरोबर १००० मिमीवर लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून चारही भिंतींवर दोरीने रेघ मारा. मग प्रत्येक माप रेघेपासून: ओट्याचा माथा रेघेखाली १८० (म्हणजे ८२०), प्लगचा मध्य रेघेच्या वर ५०, चिमणीचा पॉइंट रेघेच्या वर ११००. टेप जमिनीला टेकवायचाच नाही.

ओट्याला "माथा" हा शब्द लिहाच, आणि पुढे "ग्रॅनाइटसह". गवंडी कडाप्प्याची लेव्हल ८२० ला धरतो, वर १८ मिमी ग्रॅनाइट आणि खालचा माल आला की ओटा ८४५ होतो. आईंच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे. त्यांना चप्पल घालून उभं करा, कोपर वाकवून उंची घ्या, त्यातून १०० मिमी वजा करा. ती ओट्याची उंची. भाकरी थापताना वरून जोर लागतो, परातीचा काठही उंची खातो. जागा असेल तर एलच्या मोकळ्या टोकाला ६०० मिमी लांबीचा तुकडा ७५० वर उतरवा. ओट्याची पुढून मागची रुंदी सगळीकडे ६००.

अडीचची_वायर: विजेचं माझ्याकडून. "किचनमध्ये ६ पॉइंट" असं लिहिलंत की सहाही एकाच वायरवर येतात. २००० वॅटचं इंडक्शन ९ अँपिअरच्या आसपास घेतं, मायक्रोवेव्ह ६, किटली साडेसहा. तिन्ही एकदम चालू झाली की २० च्या वर, आणि एमसीबी (जास्त प्रवाह गेला की लाइन तोडणारा स्विच) पडू लागतो. मग कोणीतरी ३२ चा एमसीबी टाकून "दुरुस्ती" करतो आणि अडीचची (२.५ चौ. मिमी) वायर भिंतीत तापत राहते. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो, हे बऱ्याच वायरमनना पटवून द्यावं लागतं.

असं लिहा: "इंडक्शन: १६ अँपिअरचा सॉकेट, मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौ. मिमी तांब्याची वायर, २० चा एमसीबी. मायक्रोवेव्ह: १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र २.५ ची वायर, १६ चा एमसीबी." डिशवॉशरला मायक्रोवेव्हसारखीच लाइन आत्ताच ओढून ठेवा. फ्रिज वेगळ्या लाइनवर, नाहीतर मिक्सरच्या गडबडीत रात्रभर बंद पडेल. मिक्सर, आरओ, चिमणी एका लाइनवर चालतील. दिवे दीडच्या वायरवर. अर्थिंग प्रत्येक प्लगला, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). ही ओळ दरपत्रकातून हमखास गळते.

प्लग सिंकच्या कडेपासून किमान ६०० मिमी लांब ठेवा, शेगडीच्या मागे एकही नको. डिशवॉशरचा सॉकेट मशीनच्या पाठीमागे न घेता शेजारच्या कपाटात घ्या आणि स्विच ओट्यावर. पाठीमागे घेतला तर मशीन मागे पूर्ण सरकतच नाही.

जुळे_सोलापूर: दोघांचेही आभार. चिमणीचं भोक आत्ता पाडू की नंतर? आणि पाण्याच्या लाइनी?

ओळंबा: आत्ता. ६ इंची पाइपसाठी भोक १६० मिमीचं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. पाइपला वळण एकापेक्षा जास्त नको. आधी बीम कुठे आहे ते बघा. बीमला किंवा कॉलमला हात लावायचा नाही, गरज पडली तर चिमणीची जागा हलवा. शेगडी ते चिमणी ७०० मिमीच्या आसपास, पण कंपनीच्या पुस्तिकेतलं माप अंतिम.

पाणी आपल्याकडे रोज येत नाही आणि बोअरचं जड असतं, म्हणून दोन्ही टाक्यांच्या लाइनी सिंकपर्यंत वेगळ्या आणा. आरओ महापालिकेच्या लाइनवर, भांडी बोअरवर. दोन्हींना सिंकखाली वेगळा कॉक. आरओच्या टाकाऊ पाण्याची नळी सिंकच्या २ इंची पाइपला जोडायची सोय कागदावर दाखवा.

अडीचची_वायर: सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या खणात सॉकेट नको, आणि दाराला तळाशी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. ट्रॉलीवाला ड्रिल मारायला आला की पहिल्यांदा तेच मागेल.