गिरणाकाठी 5 एकरांत केळीचं पॅकहाऊस: भराव, पूररेषा आणि मातीची धूप

साईट_जळगाव (प्रश्न):
जळगाव तालुक्यात गिरणेला लागून 5 एकर (2 हेक्टर) प्लॉट आहे. 40 × 60 मीटरचं केळी पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज, पुढे ट्रकचं यार्ड. नदीकडची पट्टी निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत, इमारत निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मध्ये. लाल रेषेची पातळी तिथल्या जमिनीपेक्षा 1.4 मीटर वर आहे. ठेकेदार म्हणतो, सगळा प्लॉट मुरूम टाकून 1.85 मीटर उचलू आणि नदीच्या अंगाला दगडी कंपाउंड घालू. वर काळी माती, खाली पिवळा पोयटा. काठ 6 मीटर, जवळपास उभा. काम मे महिन्यात सुरू करायचंय. शेजाऱ्यांच्या केळीत पाणी चढेल का? आणि माती कशी थोपवायची?

पूरपातळी:
दादा, सगळा प्लॉट भरू नका. 1.85 हा आकडा बरोबर आहे, पण तो जोत्याचा. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक नियमावलीत दोन रेषांच्या मधल्या बांधकामाचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर मागितलंय. यार्ड तेवढं उचला असं त्यात कुठे नाही. निळ्या रेषेच्या आत तर बांधकामालाच बंदी. बाग, मोकळी जागा, पार्किंग असे मोजकेच वापर चालतात.

हिशेब बघा. सगळा प्लॉट भरला तर 20,000 × 1.85 = 37,000 घनमीटर भराव. त्यातली लाल रेषेखालची 28,000 घनमीटर (20,000 × 1.4) पुराची जागा तुम्ही घेतली की ते पाणी शेजाऱ्याच्या बागेत जाणारच. नुसती इमारत उचलली तर 2,400 × 1.85 = 4,440. ट्रकच्या डॉकची (माल चढवायच्या ओट्याची) उंची तशीही साधारण 1.2 मीटर लागते, म्हणजे यार्डाला 0.65 मीटर भराव पुरतो. 3,000 चौरस मीटर यार्ड धरलं तर 1,950. सगळे मिळून 6,400 च्या आत. मोठ्या पुरात यार्डात पाणी येईल, ते येऊ द्या. विजेचं पॅनेल, कॉम्प्रेसर, डिझेल जनरेटर आणि खोके मात्र जोत्यावरच.

घेतलेली जागा परत द्यायची तर त्याच पातळीवर द्या, म्हणजे जमीन ते लाल रेषा या उंचीतला एखादा उंचवटा कापून. खाली खड्डा खणून भरपाई होत नाही. पोळ्यापर्यंत तो पावसानेच भरलेला असतो, पूर आला की त्यात जागा कुठली?

दगडी भिंत प्रवाहाला आडवी नकोच. तारेची जाळीही नको: पुरात वाहून येणारी केळीची खोडं जाळीला अडकतात आणि तासाभरात तिची भिंत होते, मग खांबासकट आडवी पडते. खांब आणि दोन आडवे पाइप, खालचे 60 सेंमी मोकळे, एवढंच ठेवा. रिकामी सेप्टिक टाकी पाण्यात तरंगते, तिला खाली जड काँक्रीटचा तळ बांधून घ्या.

पोयटा:
मे महिन्यात प्लॉट उघडा करणं हीच मोठी चूक ठरेल. मृग लागायच्या आत जेवढं दाबून झाकता येईल तेवढंच उघडा. काळ्या मातीचा गाळ एकदा पाण्यात गेला की कित्येक दिवस खाली बसत नाही, नंतर कितीही गोण्या रचा.

पहिलं काम गाळतळ्याचं, म्हणजे गढूळ पाणी थांबवून गाळ खाली बसवायच्या तळ्याचं. उघड्या जमिनीच्या हेक्टरी 250 घनमीटर हा ठोकताळा. 21 × 10 × 1.2 मीटर केलं की 252 होतात, म्हणजे एका वेळी एकच हेक्टर उघडायचा. पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. गाळ निम्म्यावर आला की उपसा.

हेच तळं पुढे कायमचं कामाला येतं. तासाला 75 मिमी पाऊस धरा. आज (पावसातला 0.4 हिस्सा वाहून जातो असं धरून) प्लॉटवरून सेकंदाला 0.17 घनमीटर निघतं, छप्पर, यार्ड आणि पुढे प्लॉटचा बहुतेक भाग पक्का झाला असं धरलं तर (0.735) 0.31. फरक 0.14, अर्ध्या तासाचे 252 घनमीटर. बाहेर 300 मिमीचा पाइप टाका आणि तोंडावर 280 मिमी छिद्राची प्लेट लावा, म्हणजे तळं भरलं तरी आजच्याइतकंच पाणी सुटेल. नदीच्या टोकाला झडपेचं झाकण हवंच, नाहीतर गिरणा चढली की उलटं पाणी आत येईल. तळ्याला वरून सांडवाही ठेवा.

पोयट्याची एक साधी परीक्षा आजच करा. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, हरभऱ्याएवढं ढेकूळ हळूच सोडा, हलवू नका. दहा मिनिटांत भोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. अशा मातीत पाइपच्या कडेने पाणी वाट काढतं आणि आतून बोगदा पडतो. तापीकाठच्या घळी याच जातीच्या जमिनीत पडलेल्या आहेत. मग पाइपभोवती वाळूचा फिल्टर द्या, आणि भरावात जिप्सम किती घालायचं ते प्रयोगशाळेकडून घ्या. भराव 20 सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर 95 टक्के प्रॉक्टरला (प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या 95 टक्के) दाबून. जोत्याखाली काळी माती अजिबात नको.

साईट_जळगाव:
ढेकळाची परीक्षा केली, ढग आला. मग काठाला पूर्ण लांबीत गॅबियन (तारेच्या जाळीच्या पेटीत भरलेले दगड) घालावं का?

वाळा_आणि_दगड:
पूर्ण लांबीत नको. उभा काठ बहुतेक वेळा पूर चढताना पडत नाही, उतरताना पडतो: माती भिजून जड झालेली असते आणि समोरचा पाण्याचा आधार अचानक निघतो. त्यावर वरून गॅबियनचं वजन ठेवलं तर काठ लवकर सरकेल. काठाच्या तळापासून 1:3 ची रेषा काढा (1 मीटर उंचीला 3 मीटर आडवं), म्हणजे 18 मीटर आत. तिथून नदीकडे ट्रकही उभा करू नका.

गॅबियन फक्त पाइप नदीत उतरतो तिथे. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर दगड जागेवर राहतात आणि मागचा पोयटा फटींतून निघून जातो. पायथ्याशी दगडाचा लवचीक पट्टा पसरा, खरवडीच्या खोलीच्या (पुरात प्रवाह तळ जितका खोल उकरतो त्याच्या) दीडपट लांब. तळ खचला तर तो स्वतःच खाली वळतो.

उरलेल्या काठावर वाळा (खस, खोल मुळांचं गवत). जूनच्या पहिल्या पावसाला, 10 ते 15 सेंमीवर ठोंब, ओळी उताराला आडव्या, दर मीटर उंचीला एक. पहिल्या वर्षी गुरं आत सोडू नका.