जुन्या गरीबघरांत भूत पाहायला गेलात का? तुमचे अनुभव लिहा

इंग्लंड, आयर्लंड, अमेरिकेत एकेकाळी सरकारी खर्चाने चालणारी गरीबघरं होती. त्यांतली काही आता झपाटलेली म्हणून तिकीट लावून दाखवतात. कोणी गेलं असेल तर लिहा, भूत भेटलेलं असो वा नसो. सुरुवात मी करते.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहतो. इथून गाडीने तासाभरात ईस्ट बेथनी गाव लागतं, तिथे रोलिंग हिल्स असायलम आहे. नाव असायलम, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, पण मुळात ते जेनेसी काउंटीचं (जिल्ह्याचं) पुअरहाऊस, म्हणजे गरीबघर. 1 जानेवारी 1827 ला उघडलं. विधवा, पोरकी मुलं, म्हातारे, दारुडे, वेडसर, अपंग, सगळ्यांची भरती तिथेच. सोबत शेती होती. अंगात बळ असेल त्याने शेतात, गोठ्यात राबायचं. नोंदीत या लोकांना 'इन्मेट' म्हणत. कैद्याला लावतात तोच शब्द. पुढे तिथे काउंटीचं नर्सिंग होम झालं, 1974 मध्ये तेही बटाव्हियाला हललं. मग काही वर्षं दुकानं, आणि आता रात्रीच्या भूतसहली.

आम्ही गेलो तो दिवस 14 ऑक्टोबर 2023, शनिवार. मैत्रिणींनी आधीच बुकिंग केलं होतं. निघताना आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आज सर्वपित्री. आजच्या दिवशी तसल्या जागी कशाला?" मी हसण्यावारी नेलं.

आत रॉयची म्हणून एक खोली दाखवतात. सात फुटांहून उंच माणूस, लहानपणीच बापाने आणून सोडलेला, गाण्याचा वेडा, असं तिथले मार्गदर्शक सांगतात. त्याची सावली फिरते म्हणे. दिवे घालवले. मी चौकटीला हात टेकून उभी होते. तळव्याखाली रंगाचा पोपडा कुडकुडला, निघून हातात आला. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर वरून हिरवट, खालून पिवळा, त्याखाली पांढरा. किती वेळा रंगवली असेल ही खोली, आणि तो आतच. तेवढ्यात अंधारात कोणीतरी म्हणालं, "रॉय, आहेस का? काहीतरी हलवून दाखव." माझ्या पोटात कालवलं. जिवंतपणी लोक त्याच्या उंचीकडे टक लावून बघत असणार. अजून सुटका नाही.

सावली मला दिसली नाही. रात्रभर झोप मात्र लागली नाही. सकाळी आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "धर्मपिंड ठेव एक. ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यासाठी असतो तो. तुझे आजोबा दर वर्षी ठेवायचे." तिथी उलटून गेली होती, तरी म्हणाली ठेव. गरीबघराच्या शेतजमिनीवर आता काउंटीची बाग आणि जंगल आहे. तिथे वारलेल्यांची आठवण म्हणून 2004 मध्ये त्यात एक जागा राखली आहे. मी भाताचा गोळा केला, वर काळे तीळ घातले आणि गेले.

बफेलो

मीही तिथे जाऊन आलोय, आणि मला वाटतं तिथे काहीतरी आहे. तळघरात सगळ्यांच्या हातातली भूत शोधायची मीटरं गप्प होती. मी मनात रामरक्षा म्हणत होतो. 'आत्तसज्जधनुषा'पर्यंत आलो आणि शेजारून कोणीतरी खोल श्वास सोडला, दमलेल्या माणसासारखा. शेजारी भिंत होती. कोणाला पटो न पटो, ऐकलं ते लिहिलं.

नॉटिंगहॅम

आमच्याकडे साउथवेलचं वर्कहाऊस, म्हणजे इकडचं गरीबघर, आहे, 1824 मधलं. जॉन बीचर नावाच्या पाद्र्याच्या कल्पनेतलं. इंग्लंडच्या 1834 च्या गरीब कायद्याने त्याचाच कित्ता गिरवला. आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. पुरुष, बायका, मुलं वेगवेगळी. त्यातही म्हातारे-आजारी ते 'निर्दोष' आणि धडधाकट ते 'आळशी'. जिने सुद्धा वेगळे, म्हणजे नवराबायकोची गाठही पडू नये. जुने दोर बोटांनी उसवायचं काम असायचं. मी तसला एक दोर हातात धरून पाहिला, दगडासारखा.

अंगावर काटा आला तो वेगळ्याच खोलीत. 1970 च्या दशकातली एक खोली मांडून ठेवली आहे. तेव्हा बेघर आया मुलांना घेऊन तिथे राहत. पलंग, चूल, पोराचं सामान, सगळं एका खोलीत. परळला आम्ही पाच जण अशाच खोलीत वाढलो. भूत म्हणून काही लिहिण्यासारखं नाही.

डब्लिन

पोर्टुम्ना, गॉलवे परगणा. 1852 मध्ये उघडलेलं वर्कहाऊस, मोठा दुष्काळ नुकता ओसरलेला. वरच्या मजल्यावर उघडं, थंडगार दालन आणि झोपायचे लाकडी चौथरे. दोन वर्षांवरचं मूल आईपासून तोडत, असं सांगितलं तेव्हा माझी तीन वर्षांची लेक कडेवर होती. ती एकदम म्हणाली, "आई, खाली नको ठेवूस." तिला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. परतीच्या अख्ख्या रस्त्यात मी मागे तिच्या शेजारी बसले.

सातारा

रॉचेस्टरच्या ताई, मी सत्तरीचा आहे, परदेश पाहिलेला नाही. तुमच्या आईंनी योग्य तेच सांगितलं. 1899-1900 च्या दुष्काळात आपल्याकडेही सरकारी गरीबखाने होते. माझी पणजी त्यातून जगून आली, तिचे दोन भाऊ आले नाहीत. त्यांच्या नावाने आमच्यात अजून पान वाढतात. एकच विचारतो, कावळा शिवला का?

रॉचेस्टर

काका, लगेच नाही शिवला. मी पंधरा-वीस मिनिटं गारठत उभी होते. एक खार येऊन हुंगून गेली. मेपलवर दोन कावळे बसले होते, खाली यायचं नाव नाही. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याला शब्द देतात, ते आठवलं. पण यांची इच्छा काय राहिली असेल, मला कुठून कळणार? मग मोठ्याने मराठीतच म्हटलं, "तुमच्या तोंडावर पुन्हा टॉर्च मारायला येणार नाही."

एक कावळा उतरला.