उत्तर: गोचीड, मटणाची ॲलर्जी आणि लस – तो फॉरवर्ड

प्रेषक: आरोग्य गट
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

"लोन स्टार गोचीड (अमेरिकेत आढळणारी एक जात) प्रयोगशाळेत बनवली, लोकांनी मांस सोडावं म्हणून जंगलात सोडली, आणि उरलेलं काम लसींनी केलं" हा मेसेज यादीवर पुन्हा आला आहे. त्यातला आजार खरा आहे, म्हणूनच बाकीची थाप पटकन गळी उतरते.

आजाराचं नाव अल्फा-गॅल सिंड्रोम. अल्फा-गॅल ही गाय, डुक्कर, बकरी अशा सस्तन प्राण्यांच्या पेशींवरची साखर. माणसात ती नसते. गोचीड चावली की तिच्या लाळेबरोबर ही साखर त्वचेतून आत शिरते आणि काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तयार होतात. मग मटण, बीफ किंवा पोर्क खाल्ल्यावर 2 ते 6 तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी श्वास अडकतो. उशीर होतो तो बहुधा चरबीमुळे: तिला चिकटलेली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. रात्री आठला जेवण आणि एक वाजता त्रास, त्यामुळे जेवणावर संशयच जात नाही. चिकन आणि मासळीत ही साखर नसते.

आता "प्रयोगशाळेत बनवली" हे. या गोचिडीची शास्त्रीय नोंद स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये केली आहे. अशा मेसेजांत गेट्स फाउंडेशनचंही नाव ओढलं जातं. त्यांनी जनुकबदल केलेले कीटक बनवणाऱ्या ऑक्सिटेक कंपनीला पैसे दिले हे खरं, पण ते गुरांना लागणाऱ्या वेगळ्याच जातीच्या गोचिडी कमी करण्यासाठी. आणि "मांस नकोसं व्हावं म्हणून ही ॲलर्जी पसरवावी" असा युक्तिवाद वैद्यकीय नीतिशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी 2025 मध्ये एका नियतकालिकात खरोखर मांडला. तो मला घृणास्पद वाटतो. पण लेख लिहिणं म्हणजे गोचिडी सोडणं नव्हे, आणि आजार त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

लसींवरचा आरोप आकड्यांपुढेच कोसळतो. सेटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधाने (त्यातही ही साखर असते) काही रुग्णांना पहिल्याच डोसला जीवघेणी रिॲक्शन का येते, हे शोधताना 2008 मध्ये ही प्रतिपिंडं सापडली. तेव्हा तुलनेसाठी तपासलेल्या रक्तनमुन्यांत टेनेसीत 72 पैकी 15 जणांत ती होती, बॉस्टनमध्ये 341 पैकी फक्त 2 जणांत. लसीकरणाचं वेळापत्रक दोन्हीकडे एकच. फरक होता तो लोन स्टार गोचिडीचा: टेनेसीत ती मुबलक, बॉस्टनकडे तेव्हा विरळ.

– आरोग्य गट

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक मंच

ताई, पटलं. पण काही लसींत जिलेटिन (गाय-डुकरांच्या कातडी-हाडांपासून बनतं ते) असतं हे तर खोटं नाही ना? ज्यांची अल्फा-गॅल चाचणी पॉझिटिव्ह आहे, त्यांनी नागिणीची लस घ्यायची की नाही? मंचात काहीजणांनी या मेसेजमुळे फ्लूची लससुद्धा पुढे ढकलली आहे.

प्रेषक: सभासद (फार्मासिस्ट)

काका, प्रश्न अगदी योग्य आहे. लसीने ही ॲलर्जी *होते* हे खोटं. पण ॲलर्जी आधीच असेल, तर जिलेटिन असलेल्या एखाद्या लसीने *उफाळू शकते*. अशी उदाहरणं मोजकी आहेत, तरी खरी आहेत. म्हणून सगळ्या लसी टाळू नका, नाव विचारा.

नागिणीची शिंग्रिक्स: जिलेटिन नाही. जिच्यात होतं ती जुनी झोस्टाव्हॅक्स अमेरिकेत 2020 पासून मिळत नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसींतही नाही. फ्लूचं दंडात देतात ते इंजेक्शन साधारणपणे चालतं. नाकात फवारायच्या फ्लूमिस्टमध्ये मात्र जिलेटिन आहे. नातवंडांच्या गोवर-गालगुंड-रुबेला लसींपैकी एमएमआर-टूमध्ये आहे, प्रायोरिक्समध्ये नाही. कांजिण्यांच्या व्हॅरिव्हॅक्समध्ये आहे. चाचणी पॉझिटिव्ह असेल तर या जिलेटिनवाल्या लसींआधी ॲलर्जिस्टशी बोला. पुष्कळांना त्या निभतात, पण तो निर्णय त्यांच्या देखरेखीखाली व्हावा. लसींपेक्षा जास्त लक्ष औषधांच्या कॅप्सूलकडे द्या, त्यांचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं, तेव्हा ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

चाचणी म्हणजे रक्तातली अल्फा-गॅल आयजीई. 0.1 किंवा वर आली की पॉझिटिव्ह. मात्र नुसता आकडा म्हणजे आजार नव्हे, लक्षणंही हवीत. शाकाहारी घरांनीही हे वाचावं. दूध, तूप, पनीर बहुतेकांना सोसतं, काहींना सोसत नाही, आणि "आम्ही तर मांस खातच नाही" म्हणून चाचणीचा विचारच कुणी करत नाही.

प्रेषक: ट्रेकिंग गट

शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाला (व्हर्जिनिया, अमेरिका) निघणाऱ्यांसाठी. पँट आणि मोज्यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते कपड्यांसाठीच आहे, अंगाला लावू नका. उघड्या त्वचेवर 20 टक्के पिकारिडिन किंवा 20–30 टक्के डीट असलेलं कीटक दूर ठेवणारं औषध लावा. पँट मोज्यात खोचा. परतल्यावर कोरडे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर 10 मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचिडी मरतातच असं नाही. काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली बघा. लोन स्टारच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो, पण नर आणि पिल्लांना तो नसतो. खसखशीएवढी पिल्लं उन्हाळ्याच्या अखेरीस झुंडीने चढतात, तेव्हा ठिपका शोधत बसू नका.

चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरा आणि न पिळता, सावकाश सरळ वर ओढा. व्हॅसलीन, रॉकेल, काडीचा चटका यांतलं काही नको. त्यात वेळ जातो आणि डिवचलेली गोचीड चाव्यात लाळ ओकू शकते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. ॲलर्जी आधीच असलेल्यांना हे सगळं दुप्पट महत्त्वाचं: नवे चावे टळले तर प्रतिपिंडं काही वर्षांत अनेकांत उतरतात, आणि एका चाव्याने पुन्हा चढू शकतात.