मदत हवी आहे: आईच्या एकुलत्या पैंजणाचं भाऊबीजेसाठी काय करू?

नमस्कार मंडळी. यंदा भाऊबीजेला धाकट्या भावाला चांदीचं काहीतरी द्यायचंय, कायम जवळ राहील असं. दरवर्षी आपण ओवाळणी घ्यायची आणि त्याच्या हातावर शर्टपीस टेकवायचा, याचा कंटाळा आलाय. (त्यातला एकही अजून शिवायला टाकलेला नाही, वहिनीकडून कळलं.)

चांदी घरातच आहे, आईचं पैंजण. एकच. जोडीतलं दुसरं याच पठ्ठ्याने पाच वर्षांचा असताना गिरगावातल्या आमच्या वाडीच्या विहिरीत टाकलं. "बुडतं का बघत होतो" म्हणे. आईने त्याला एक धपाटा घातला आणि उरलेलं कपाटात ठेवून दिलं. मोडीत मात्र कधी घातलं नाही. आता आई नाही, वाडीच्या जागी टॉवर उभा राहतोय, आणि पैंजण माझ्याकडे बोरिवलीला. काळं पडलंय, आकड्याच्या जागी लाल दोरा, एकोणीस घुंगरं शिल्लक. वजन ४२ ग्रॅम.

आटवून कडं करावं म्हणून शनिवारी झवेरी बाजारात चार दुकानं फिरले. सगळीकडे एकच: "ताई, मोड द्या, तेवढ्याची नवी वस्तू न्या." टंच (म्हणजे शुद्धता) ६५ टक्के धरला, आटवण्यातली घट वेगळी. पैशाचं जाऊ दे हो, पण आईचं पैंजण त्यांच्या ट्रेमध्ये जाणार आणि मी दुसऱ्याच कुणाच्या चांदीचं कडं घेऊन येणार! हीच चांदी वापरून कोणी करून देतं का? आणि त्यावर हॉलमार्क मिळेल का?

प्रतिसाद १
आमच्या घरी चांदीकाम होतं म्हणून सांगतो. शोरूममध्ये हे होणार नाही, कारागीर गाठा. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर बसतात. चांदी ९६२ अंशांना वितळते, ४२ ग्रॅमला वेळ लागत नाही, तेव्हा समोर बसून आटवून घ्या. दिवाळी तोंडावर आली की असली किरकोळ कामं कोणी घेत नाही, आत्ताच जा.
पण एक अडचण आहे. पैंजणाच्या कड्याकड्यांना डाग दिलेला (म्हणजे झाळून जोडलेलं) असतो, त्यात तांबं-जस्त येतं. सगळं एकत्र वितळलं की गोळा कडक होतो, कडं वाकवताना तडकू शकतं. शुद्ध करायला दिलं तर तीच चांदी परत आली याची खात्री कोण देणार? हॉलमार्कचं म्हणाल तर चांदीचा सगळ्यात खालचा शिक्का ८०० चा, म्हणजे ८० टक्के शुद्ध. ६५ टंचाला विसरा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवर एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) आलाय, पण सोन्यासारखी सक्ती नाही.

प्रतिसाद २
अगं, आटवू नकोस! गोळा झाल्यावर त्यात पैंजण कुठे दिसणार? काळं पडलंय ते हवेतल्या गंधकाने. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथर, त्यावर पैंजण, वरून गरम पाणी आणि खायचा सोडा. नंतर स्वच्छ धुऊन नीट वाळव, घुंगरांत पाणी राहतं. टूथपेस्टने घासू नकोस, चरे पडतात. आणि रबरबँड गुंडाळून तर मुळीच ठेवू नकोस, रबरातल्या गंधकाने पुन्हा काळं होईल.

प्रतिसाद ३
भाऊ कडं घालणारा आहे का, हे आधी बघा. माझ्या ताईने दिलेलं देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये वातींशेजारी पडलंय. (ताई इथे वाचत नाही.) किल्ल्या मात्र रोज हातात असतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आटवायचा विचार सोडला. काल कारागिराकडे गेले. चार घुंगरांचा तुकडा कापून ९२५ च्या नव्या कडीत ओवून दिला, किचेन झाली. उरलेलं पैंजण माझ्याकडेच राहील. सोड्याने फक्त साखळी उजळली, लाल दोरा त्याच तुकड्यावर पुन्हा बांधला. कारागिराने कानाशी धरून हलवलं तर तीनच घुंगरं वाजली, चौथ्यातला खडा कधीतरी पडून गेलाय. "बसवून देतो, दोन मिनिटांचं काम" म्हणाला. मी नको म्हटलं.